परिसरातलं जीवशास्त्र, सहावी ते आठवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी सकाळी मुलांना घेऊन टेकडीवर, तलावाकाठी, नाहीतर शाळेच्याच कुंपणाशी वाकून बसलेली असते. इतर शाळांतले शिक्षक आणि पालक फोन करून जे विचारतात, ते फिरून फिरून तेच असतं. म्हणून एकदाचं लिहून काढलं. वर्गात करून पाहिलं तेवढंच इथे आहे.

आमच्या शाळेला मैदानच नाही. निसर्ग कुठून आणायचा?

गच्चीवर पावसाच्या पाइपापाशी जा. भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप असणारच. ते तिथे कुणी लावलं, हा पहिला प्रश्न. मुलं आधी "वाऱ्याने" म्हणतात. पिंपळाचं फळ हातात दिलं की कुणीतरी पक्ष्यापर्यंत पोचतं: फळ खाल्लं, बी विष्ठेतून पडली, फटीत ओल मिळाली.

याहून सोपं हवं असेल तर मुंग्यांची पंगत मांडा. कागदावर चिमूटभर साखर, गुळाचा खडा, खोबऱ्याचा तुकडा आणि तूरडाळीचे दाणे एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवायचे. दर पाच मिनिटांनी प्रत्येक ढिगाशी किती मुंग्या आहेत ते मोजायचं. कोण जिंकेल ते मला माहीत नाही. काळ्या मुंग्यांचा आणि लाल मुंग्यांचा निकाल वेगळा येतो, सकाळचा आणि दुपारचाही. शिक्षकालाच उत्तर ठाऊक नसलं की मुलं मोजताना लबाडी करत नाहीत, कारण नक्कल कशाची करायची तेच कळत नाही. माझे सगळे उपक्रम मी याच एका चाळणीतून गाळते.

वर्गात ६० मुलं आणि तास ३५ मिनिटांचा. जमणार कसं?

सहा-सहांचे दहा गट. एक जण मोजणार, एक लिहिणार, एक घड्याळ बघणार, एक चित्र काढणार, उरलेले दोघे शोधणार. पुढच्या वेळी कामं बदलायची. सामान आदल्या दिवशीच दहा पिशव्यांत भरून ठेवा, नाहीतर पंधरा मिनिटं वाटपातच जातात. शक्य असेल तर मुख्याध्यापकांकडून जोडतास मागून घ्या. ते नाही जमलं तर बाहेर जाऊन फक्त निरीक्षण करा आणि चर्चा दुसऱ्या दिवशी.

एकच उपक्रम करायचा असेल तर कुठला?

उंबर.

बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण "उंबराचं फूल झालास की रे" म्हणतो. मुलांनी घरी आजीच्या तोंडून हे ऐकलेलं असतं. तिथूनच सुरुवात करा: उंबराला खरंच फूल येत नाही का?

पुण्यात उंबराचा तोटा नाही. जुन्या वाड्यांच्या मागे, ओढ्याकाठी, दत्ताच्या देवळाशेजारी तो असतोच. देवळाजवळच्या झाडाला हात लावायच्या आधी विचारा. नाहीतर खाली पडलेली फळं चालतात. वेगवेगळ्या आकाराची चार-पाच घ्या: हिरवी कच्ची, जरा फुगलेली, लालसर. पात्याने, किंवा लहान मुलं असतील तर शिक्षकांनीच, देठापासून टोकापर्यंत उभी कापायची. कच्च्या फळात आतल्या भिंतीला चिकटलेले शेकडो बारीक दाणे दिसतात. भिंगाखाली धरलं की त्यातलं प्रत्येक म्हणजे एक फूल. आपण ज्याला फळ म्हणतो तो फुलांनी गच्च भरलेला बटवा आहे. त्याच्या टोकाला खवल्यांनी झाकलेलं इवलंसं तोंड असतं.

त्या तोंडातून एक बारीक गांधीलमाशी आत शिरते. वाट इतकी अरुंद की शिरताना तिचे पंख तुटून पडतात. आत ती काही फुलांत अंडी घालते आणि अंगावर आणलेले परागकण दुसऱ्या फुलांना देते, मग आतच मरते. पिल्लांतले नर आधी बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. मिलन करायचं आणि बाहेर पडायला भोक पाडायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या पराग घेऊन त्या वाटेने उडून जातात. ही माशी नसेल तर उंबराला रुजणारी बी नाही, आणि उंबर नसेल तर ही माशी नाही.

मध्यम पिकलेली फळं काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचा कपडा बांधा. टप्पा बरोबर साधला तर एक-दोन दिवसांत बरणीच्या काचेवर माश्या फिरताना दिसतात. नाही साधला तर फळांना बुरशी येते. तीही बघा.

हे पाहिल्यावर दर वर्षी एक तरी मूल विचारतं, "बाई, मग उंबर खाताना आपण माश्या खातो?" हो, कधीकधी. लपवू नका.

फुलपाखराचं जीवनचक्र वर्गात दाखवता येतं का?

येतं, आणि बाजारातला संच लागत नाही. कुंडीतलं कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं रोप पुरतं. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर खसखशीएवढी फिकट पिवळी अंडी सुटी सुटी घातलेली दिसतात. ही बहुधा लिंबाळी फुलपाखराची. बाहेर येणारी अळी पहिल्या चार टप्प्यांत हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. मुलं "शी" म्हणतात आणि पुढे जातात. पक्षीही तेच करतो. पाचव्या टप्प्यात कात टाकून ती एकदम हिरवीगार होते. तेव्हा तिला गवताच्या काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-तांबूस शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच दाखवा. दर मुलाने डिवचलं तर अळी दमते.

तोंडाला जाळी बांधलेली बरणी, खाली कागद, आणि लहान बाटलीत पाण्यात खोचलेली डहाळी. बाटलीच्या तोंडाला कापूस लावायला विसरू नका, अळ्या पाण्यात पडून मरतात. लेंड्या रोज झटका. मंडईतली कढीपत्त्याची जुडी घालू नका, तिच्यावर फवारणी झालेली असू शकते. बरणी उन्हात नको. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, थंडीत जास्त. काळं फुलपाखरू निघालं तर गोंधळू नका: त्याच झाडावर कॉमन मॉरमॉनही अंडी घालतं आणि लहानपणी दोघांच्या अळ्या सारख्याच दिसतात.

एका वर्षी आमच्याकडचे तीन कोष काळपट पडले. सगळा वर्ग रोज बघत होता. एका सोमवारी कोषाला टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि बरणीत डझनावारी चिमुकल्या गांधीलमाश्या. फुलपाखरू नाहीच. त्यांच्या आईने कोषातच अंडी घातली होती. दोन मुली रडल्या, एका मुलाने माश्या मारायला चप्पल उचलली. त्या दिवशी धडा बाजूला ठेवून आम्ही तासभर एवढंच बोललो: या माश्या नसत्या तर लिंबाच्या झाडाला पानं उरली असती का? त्या वर्गाला अन्नसाखळी पुन्हा शिकवावी लागली नाही.

सूक्ष्मदर्शक नाही. कांद्याची पेशी कशी दाखवू?

मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला फोल्डस्कोप हा घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक १४० पट मोठं दाखवतो, आणि एवढ्यात कांद्याच्या पेशी स्वच्छ दिसतात. एखादा शाळेने घ्यावाच. तोवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून पाहा. पेशी दिसणार नाहीत, पण मुंगीचं डोकं आणि पानाच्या शिरा बघून वर्ग खूश होतो. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याची मोठी परंपरा आहे. मला पहिले धडे तिथेच मिळाले.

कांद्याचा पडदा घेताना पाकळीच्या आतल्या बाजूचा घ्या, चिमट्याने अलगद सुटतो. आयोडीनचा थेंब टाका. आणि हे आधीच सांगून ठेवा: काळ्या जाड कडेचे सुबक गोल म्हणजे पेशी नव्हेत, ते हवेचे बुडबुडे. दर वर्षी निम्मा वर्ग बुडबुड्यांची चित्रं काढून "केंद्रक" असा बाण मारतो. पेशी विटांच्या भिंतीसारख्या दिसतात. आच्छादक काच तिरकी धरून हळू सोडली की बुडबुडे कमी होतात.

टेकडीवर नेऊन नक्की काय करायचं? फिरून आणलं की झालं?

फिरून आणणंही वाईट नाही. पण वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई अशा जागा हाताशी असताना मोजणी न करणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला पाणीही न विचारणं.

चार मीटर सुतळी आणि चार खिळे, की झाला एक मीटरचा चौकोन. आत वनस्पतींचे किती प्रकार आणि प्रत्येकाची किती रोपं, एवढं मोजायचं. नावं लागत नाहीत. अ, ब, क म्हणा आणि प्रत्येकाचं एक पान काढून ठेवा, म्हणजे चित्र काढून. तोडून नव्हे.

जागा कुठली निवडायची हे मुलांवर सोडलंत तर ती फुलं असलेली जागाच धरणार. म्हणून आम्ही लुडोचे फासे नेतो. पहिला फासा पडेल तितकी पावलं पुढे, दुसरा पडेल तितकी उजवीकडे. एकदा एका गटाचा चौकोन नुसत्या मुरमावर आला. मी पोचेपर्यंत त्यांनी तो हळूच दोन फूट सरकवला होता. "बाई, तिथे काहीच नव्हतं." काहीच नव्हतं हेच तर लिहायचं होतं! चौकोन परत मुरमावर ठेवला आणि वहीत ठळक शून्य लिहायला लावलं. त्या शून्यामुळे त्यांची सरासरी बदलली आणि सरासरी म्हणजे काय हे गणिताच्या तासापेक्षा तिथेच जास्त कळलं.

पुण्यातल्या टेकड्यांवर तुलना आयती मिळते. वनीकरणात गिरिपुष्प, म्हणजे गावाकडची उंदीरमारी, मोठ्या प्रमाणात लावली गेली. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं. पाच चौकोन गिरिपुष्पाखाली आणि पाच उघड्या गवताळ भागात टाका. सावली, मातीची ओल आणि पालापाचोळ्याची जाडीही नोंदवा, कारण फरक आढळला तर तो नेमका कशामुळे यावर मुलांची भांडणं व्हायला हवीत. पावसाळा संपता संपता, सप्टेंबरात, मोजायला सर्वांत जास्त मिळतं.

टेकड्यांचा बराच भाग वनखात्याचा आहे. गट मोठा असेल तर आधी विचारून घ्या. तिथून काहीही घरी आणू नका.

साप, मधमाश्या?

घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्या टेकड्यांवर आहेत. पायात पूर्ण बूट, पायवाट सोडायची नाही, दगडाखाली हात घालायचा नाही. दगड उलटायचाच असेल तर काठीने, शिक्षकाने आणि आपल्या बाजूला उघडेल असा नाही. आग्या मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळून मागे फिरा, त्या दिवशीचा उपक्रम रद्द. खाजकुयलीच्या मखमली शेंगा मुलांना आधीच चित्रात दाखवून ठेवा. साप चावला तर मंत्र-तंत्र, पट्टी आवळणं, जखम कापणं काही नको. मुलाला हलू न देता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ते जवळ कुठे आहे हे निघण्यापूर्वी ठरवा.

मुठा नदीचं पाणी तपासता येईल का?

मुलांचे हात त्या पाण्यात नकोत. शहरातून जाताना नदीत मैलापाणी मिसळतं, हे आपल्या नाकालाच कळतं. शिक्षकाने हातमोजे घालून बाटलीत पाणी भरावं, बाटली छापील कागदावर उभी धरावी आणि वरून कुठल्या आकाराची अक्षरं वाचता येतात ते मुलांनी लांबून नोंदवावं. त्यासोबत नळाचं आणि पावसाचं पाणीही ठेवा.

पक्षी मोजायला मात्र काठासारखी जागा नाही. थंडीत रामनदीवरच्या पाषाण तलावावर किंवा नदीपुलावरून एक तास उभं राहा. बगळे, ढोकरी, पाणकावळे, शेकाट्या, शेपटी वरखाली हलवणारा धोबी. मुलं पहिल्या दिवशी सगळ्यांना "बगळा" म्हणतात, तिसऱ्या दिवशी चोच बघायला लागतात.

शाळेत बेडकाचं विच्छेदन करावं का?

नाही. जास्वंद घ्या. एकेरीच, दुहेरी नको, तिच्यात पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात आणि मुलं गोंधळतात. पाच पाकळ्या, मधून जाणारी नळी, तिच्यावर परागकोष, टोकाला पाच ठिपके. तळाचा अंडाशय आडवा कापला की पाच कप्पे. मग घरून आणलेली भेंडी आडवी कापा: बहुतेक वेळा तेच पाच कप्पे. भेंडी, जास्वंद आणि कापूस एकाच कुळातले, हे तेव्हा सांगावंच लागत नाही.

प्रदूषण दाखवणारा एखादा जीव आहे का?

तुमच्या गोड्या मसाल्यात आहे. दगडफूल हा बुरशी आणि शैवाल यांचा संसार. अशा जोडीला शैवाक म्हणतात. बऱ्याच जातींना हवेतला सल्फर डायऑक्साइड सोसत नाही. किराणा दुकानातल्या दगडफुलाचा तुकडा पाण्यात भिजवा, राखाडी रंगातून आतला हिरवेपणा वर येतो. मग वर्दळीच्या रस्त्याकडेच्या झाडांच्या साली आणि सिंहगडावरच्या झाडांच्या साली तुलनेसाठी बघा. झाडाची जात आणि सावली शक्य तितकी सारखी धरा.

डासांच्या अळ्या वर्गात आणाव्यात का?

आणाव्यात, झाकून. कुंडीखालच्या बशीतलं पाणी काचेच्या पेल्यात घ्या. पृष्ठभागाला समांतर पडून राहिलेली अळी अनॉफिलिसची. श्वासनळी वर ठेवून तिरकी लटकणारी क्युलेक्सची किंवा एडिसची. स्वल्पविरामासारखा दिसणारा, खात नसला तरी झपाझप पळणारा म्हणजे कोष. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोनमहिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. हे पटवायला मला पूर्वी भाषण द्यावं लागायचं.

तास संपला की पाणी कोरड्या मातीत ओता. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका.

पानातलं पिष्ट तपासायच्या प्रयोगात स्पिरिट पेटतं म्हणतात?

पेटतं. एका शाळेत माझ्यासमोर पेटलं, कारण परीक्षानळी थेट दिव्यावर धरली होती. कुणाला इजा झाली नाही, पडदा मात्र गेला. पाणी आधी उकळून घ्या, दिवा विझवा, मग त्या गरम पाण्यात स्पिरिटची नळी उभी करा. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, गरम पाणी त्याला पुरेसं आहे. पान दुरंगी क्रोटनचं घ्या.

कुठल्या महिन्यात काय?

जून-जुलैत बेडकांचे आवाज आणि डबक्यातली अंडी, जागेवरच बघायची. भेकाची अंडी माळेत असतात, बेडकांची पुंजक्यात. ऑगस्टमध्ये अळ्या, सप्टेंबरात गवत. दिवाळीनंतर कोळ्यांची जाळी, दव पडलेल्या सकाळी. डिसेंबर-जानेवारीत पाणपक्षी. फेब्रुवारीत पानगळ, सावर आणि पळस. एखादं झाड वर्गाने दत्तक घेऊन दर सोमवारी नवी पानं, फुलं, फळं किती ते लिहिलं तर मार्चपर्यंत त्याचा आलेख होतो. भारतभरच्या अशा नोंदी सीझनवॉच या प्रकल्पात जमा होतात, शाळाही त्यात सहभागी होऊ शकतात.

मला स्वतःलाच पक्ष्यांची-झाडांची नावं येत नाहीत.

उत्तम. "चल, शोधू" म्हणा. नाव सांगितलं की मुलं बघायचं थांबवतात, असा माझा अनुभव आहे.

मुलं पिसं, घरटी, पोपटाची पिल्लं आणतात. ठेवू का?

नको. आपल्याकडचा देशी पोपट पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, पिंजरा कितीही मोठा असला तरी. घरटं जिथून आणलं ती जागा बघायला जा.

प्रयोग फसला तर गुण कसे द्यायचे?

फसलेल्यालाच जास्त, पण का फसला ते लिहिलेलं असेल तर. माझ्याकडे सातवीतल्या एका मुलाची वही आहे. "मटकीला मोड आले नाहीत. फडकं वाळलं होतं. रविवारी आम्ही लग्नाला गेलो." तीन वाक्यांत परिणाम, कारण आणि चूक. शेजारच्या वहीत बालभारतीच्या पुस्तकातली आकृती जशीच्या तशी होती आणि मटकी भिजतच घातली नव्हती.

प्रकल्प पालकच करून देतात, काय करावं?

थर्मोकोल बंद करा. अर्ध्याहून अधिक पालक आपोआप बाजूला होतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काय द्यावं?

गॅलरीत पक्ष्यांसाठी मातीच्या पसरट भांड्यात पाणी. रोज सकाळी १५ मिनिटं कोण आलं, पाणी प्यायलं की अंघोळ केली, कुणी कुणाला हाकललं, एवढं लिहायचं. साळुंकी आणि बुलबुल हमखास. तांबट पाण्यावर येईल न येईल, पण त्याची टुक टुक ऐकू येतेच. भांड्यात एक दगड ठेवा, म्हणजे पाण्यात पडलेल्या मधमाशीला चढून येता येईल. आणि भांडं दर दोन दिवसांनी घासा, नाहीतर वर सांगितलेला डासांचा उपक्रम तुमच्या परवानगीशिवाय सुरू होईल.